दराचा न्याय आणि मतांचा जोगवा



भाजीवाल्याचा भाव पटला नाही तर आपण पुढच्या पाटीकडे वळतो; परंतु विजेचा, गॅसचा किंवा टेलिफोनचा दर पटला नाही तर वळावयाचे कोणाकडे? अशा मालाचा दुकानदार बहुधा एकच असतो. म्हणून त्याचा दर ठरविण्यास कोणीतरी तिऱ्हाईत लागतो. आपल्या महाराष्ट्रात ह्या कामासाठी १९९९ साली वीज नियामक आयोग स्थापन झाला व त्याचे सदस्य सरकार नेमते. अमेरिकेतील काही राज्यांनी मात्र निराळीच वाट धरली. त्यांनी हा तिऱ्हाईत मतपेटीतून काढला. ज्याने दराचा न्याय करावयाचा, त्यानेच ठराविक वर्षांनी लोकांच्या दारी मतांचा जोगवा मागावयाचा, अशी ही योजना. ती व्यवहारात कशी चालली हे पाहावयाचे असेल तर लुइझियाना राज्यातील ह्युई लाँग ह्याच्या चरित्रातील १९१८ ते १९२८ ही दहा वर्षे पाहावीत. पुढे गव्हर्नर आणि सिनेटर म्हणून तो जगाला ठाऊक झाला; पण त्याचे खरे शिक्षण झाले ते ह्या दर ठरविणाऱ्या मंडळात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, धान्याची कोठारे खाजगी मालकीची असली तरी त्यांचा व्यवहार सार्वजनिक हिताशी निगडित असल्यामुळे त्यांचे दर ठरविण्याचा अधिकार राज्याला आहे. ह्या निर्णयाने रेल्वे, गॅस, वीज ह्यांच्या नियंत्रणाला कायद्याचा पाया मिळाला. विस्कॉन्सिनने १९०७ साली गॅस आणि वीज ह्यांचे दर नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाकडे सोपविले. लुइझियानाने १८९८ च्या राज्यघटनेने तिघा सदस्यांचे रेल्वे कमिशन निर्माण केले आणि ते तिघेही लोकांनी निवडावयाचे ठरविले. १९२१ च्या नव्या घटनेने त्याचे नाव पब्लिक सर्व्हिस कमिशन झाले. आपल्याकडे ह्याच नावाची मंडळे नोकऱ्यांच्या परीक्षा घेतात, तेव्हा घोटाळा होऊ देऊ नये; तेथील कमिशन गॅस, वीज, टेलिफोन ह्यांच्या दरांचा निवाडा करते; पूर्वी रेल्वेच्या दरांचाही करीत असे.

ह्युई लाँगचा जन्म १८९३ साली विनफील्ड ह्या गावी झाला. तारुण्यात तो स्वयंपाकाची चरबी घरोघर विकीत फिरला, मग थोडाच काळ कायदा शिकून १९१५ साली वकील झाला. राज्यातील इतर बहुतेक मोठ्या पदांना वयाची अट होती. रेल्वे कमिशनच्या सदस्यत्वाला ती नव्हती, आणि ही फट त्याने बरोबर हेरली. १९१८ साली, पंचविसाव्या वर्षी, तो उत्तर लुइझियानातून उभा राहिला आणि जुन्या सदस्याचा काहीशे मतांनी पराभव करून निवडून आला. फिरत्या विक्रेत्याला खेड्यांच्या वाटा ठाऊक असतात, हे त्याच्या प्रतिस्पर्ध्याने ध्यानी घेतले नसावे.

आता त्याच्या कामाची उजळ बाजू आधी पाहू. कंबरलँड टेलिफोन कंपनीने दरात सुमारे २० टक्के वाढ मागितली आणि कमिशनच्या बहुमताने ती दिलीही. लाँगने विरोधी मत नोंदविले व ते नोंदवून तो स्वस्थ बसला नाही. कमिशनमधील एक जागा बदलली, बहुमत फिरले, लाँग अध्यक्ष झाला आणि प्रकरण पुन्हा उघडले गेले. कंपनी न्यायालयात गेली. १९२२ साली खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि तेथे कमिशनची बाजू मांडावयास लाँग स्वतः उभा राहिला. अखेरीस सुमारे ८०,००० ग्राहकांना मिळून ४,४०,००० डॉलरच्या आसपास रक्कम परत मिळाली. प्रत्येकाच्या वाट्यास पाच-साडेपाच डॉलर आले. रक्कम मोठी नव्हे. परंतु कंपनीकडून पैसे परत येतात ही गोष्टच तेथील गृहस्थांना अपूर्व होती. १९२३ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, लाँगने गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली, तेव्हा ह्या परताव्यासारखी जाहिरात त्याला अन्य कशाने मिळाली असती?

येथे कोणी म्हणेल की, त्याने हे सारे मतांसाठी केले. केले असेल. तथापि ज्या दोघा सदस्यांनी दरवाढ मुकाट्याने मंजूर केली, त्यांची निःस्पृहता ग्राहकाच्या काय कामाची होती? कंपनीचे वकील वर्षभर कमिशनच्या दारी असतात. ग्राहक तेथे कधी येत नाही. त्याचा हात पोहोचतो तो फक्त मतपेटीपर्यंत. ह्या प्रकरणी मी लाँगला पूर्ण गुण देईन.

तेलाच्या प्रकरणी मात्र तसे गुण देता येत नाहीत. लाँगने लहान तेलकंपन्यांचे शेअर घेतले होते. पाइन आयलंड येथील विहिरींचे तेल बाजारात न्यावयाचे तर ज्या नळांतून न्यावयाचे, ते बड्या कंपन्यांच्या मालकीचे. त्यांत प्रमुख स्टँडर्ड ऑइल. ह्या कंपन्यांनी एके दिवशी लहान कंपन्यांचे तेल घेण्याचे नाकारले आणि लाँगचे शेअर मातीमोल झाले. त्यानंतर त्याने कमिशनमधून एकच धोशा लावला की, तेलाचे नळ म्हणजे रेल्वेसारखीच सार्वजनिक वाहतूक होय; ते सर्वांना समान दराने खुले असले पाहिजेत व कमिशनच्या ताब्यात आले पाहिजेत. तत्त्व म्हणून हे अगदी रास्त होते. शेजारच्या टेक्सासने १९१७ सालीच तसा कायदा केला होता. परंतु ज्याचे स्वतःचे पैसे त्या नळात बुडाले, त्यानेच त्या नळाचा न्याय करावयाचा काय? आमच्या शाळेत परीक्षकाचा मुलगा वर्गात असला तर त्याची उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाकडे जात असे. ह्यात परीक्षकाच्या सचोटीवर संशय नसून परीक्षेवर लोकांचा विश्वास राहावा एवढाच हेतू असे. लाँगने आपले नुकसान लपविले नाही, १९३३ च्या आत्मचरित्रात ते उघड सांगितले, हे खरे. पण न्यायासनावरून तो बाजूला झाला नाही आणि सभांतून त्याच कंपनीवर तोफा डागीत राहिला. ज्या पार्कर ह्यांना १९२० साली त्याने गव्हर्नर होण्यास साहाय्य केले, ते स्टँडर्ड ऑइलला विकले गेले असा आरोप त्याने केला. १९२१ साली बदनामीच्या खटल्यात तो दोषी ठरला. दंड झाला एक डॉलर! न्यायाधीशाच्या मनात काय होते ते श्रोत्यांनीच ओळखावे.

१९२४ हे वर्ष त्याच्या दुहेरी भूमिकेचा कळस होय. जानेवारीत गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक झाली. लाँगने तीत रेडिओचा व ध्वनिवर्धक लावलेल्या मोटारींचा उपयोग केला. दक्षिणेकडील राजकारणात ही नवलाई होती, आणि रेडिओवरील व्याख्यात्याने तिची नोंद केलीच पाहिजे. मतदानाच्या दिवशी पावसाने खेड्यांतील कच्चे रस्ते चिखलात बुडविले. त्याचे मतदार तर खेड्यांतलेच. जवळजवळ ७४,००० मते मिळवून तो तिसरा आला. ह्या संबंध प्रचारकाळात तो कमिशनचा सदस्य होताच, वकिलीही चालू होती. पराभवानंतर त्याच वर्षी कमिशनची त्याची मुदत संपली, तेव्हा तो पुन्हा त्याच जागेसाठी उभा राहिला व प्रचंड मताधिक्याने निवडून आला. राज्याने ज्याला गव्हर्नर होऊ दिले नाही, त्याच्याच हाती उत्तरेच्या मतदारांनी दराची तागडी पुन्हा दिली. पुढची चार वर्षे ती जागा त्याच्या १९२८ च्या निवडणुकीचे कार्यालयच झाली म्हटले तरी चालेल.

१९२८ साली तो गव्हर्नर झाला. न्यू ऑर्लिन्स शहरात तोवर कारखान्यात तयार केलेला महाग गॅस जळत होता. लाँगने कंपनीवर दडपण आणून राज्यातीलच स्वस्त नैसर्गिक वायू शहराच्या चुलींपर्यंत आणविला. १९२९ साली त्याने शुद्ध केलेल्या तेलावर पिंपामागे ५ सेंट कर सुचविताच त्याच्यावर महाभियोग गुदरला. दोषी ठरवू देणार नाही असे पंधरा सिनेटरांनी लिहून दिल्यामुळे तो बचावला. तेव्हा अनेकांच्या लक्षात आले की, कमिशनमध्ये त्याला अडवावयास दोन सहकारी तरी होते. गव्हर्नराच्या खुर्चीला तसे सहकारी नसतात. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये बॅटन रूज येथील राज्यभवनात त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि दोन दिवसांनी, १० तारखेस, त्याचा अंत झाला.

लुइझियानाचे कमिशन आजही आहे. सदस्य तिघांचे पाच झाले, मुदत सहा वर्षांचीच राहिली, आणि ते पाचही जण आजही लोकांच्या मतांनीच निवडले जातात.