दोरीला टांगलेला ठोकळा

लाकडी घनाला मधोमध दोरी बांधून तो गरगर फिरवला, की डोळ्यांना दंडगोल दिसतो. फ्रीडरिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने हा खेळ मुलांसमोर मांडला. बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकशास्त्रज्ञ वाइस यांच्या हाताखाली त्याने काम केले होते. स्फटिकांच्या कडा-कोन न्याहाळणारा हाच माणूस पुढे बाळगोपाळांत रमला.

1837 मध्ये ब्लांकेनबुर्गला त्याने खेळसंस्था काढली, आणि 1840 मध्ये तिला नाव दिले 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. खेळण्यांना तो 'भेटी' म्हणे. पहिली भेट लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची, दुसरी गोल, घन आणि दंडगोलाची. तिसरीत एक घन आठ चिमुकल्या घनांत सुटा होई. मोडतोडीची मुलांना हौस असतेच, फ्रोबेलने तिला रीतसर परवानाच दिला!

प्रशियाच्या सरकारला मात्र यात नास्तिकता दिसली. पुतण्या कार्लच्या लिखाणाचे खापर काकांच्या माथी फुटले आणि 1851 मध्ये किंडरगार्टनवर बंदी आली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल गेला. बंदी उठली 1860 मध्ये.

लहानग्यांच्या शिक्षणाचा असाच ध्यास घेऊन आपल्याकडे शिक्षिका ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले. गावातल्या बालवाडीला परदेशी महागडी साधने परवडणार कुठून? मग शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. आकार ओळखायला ती कुठे कमी पडतात?

तिकडे जर्मनीत श्वाइना गावी फ्रोबेलच्या थडग्यावर आजही घन, त्यावर दंडगोल आणि वर गोल असा दगडी स्तंभ उभा आहे.