गुत्त्यापासून गुन्ह्यापर्यंत

नशा करणाऱ्यास तुरुंगात न टाकता नशेमुळे होणारी हानी कमी करावी, आणि निव्वळ सेवनाला गुन्हा मानू नये, हा विचार आज नवा व परका वाटत असला, तरी धाराशिवच्या मुलखात सेवन हाच गुन्हा ठरण्याची रीत त्याहून फार जुनी नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि तेथे नशा ही नीतीची नव्हे, खजिन्याची बाब होती. मादक पदार्थांवरील करव्यवस्थेला आबकारी म्हणत. १३१६ फसलीचा, म्हणजे सुमारे १९०६-०७ चा, हैदराबाद आबकारी कायदा तिचा आधार होता. विक्रीचा हक्क लिलावात जो घेई तो गुत्तेदार. उर्वरित महाराष्ट्रात ‘गुत्ता’ म्हणजे दारूचे दुकान, मराठवाड्यात मात्र मक्ता. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ त्या व्यवस्थेची कुंडलीच सांगतात.

शिंदीच्या झाडाला वर खाच पाडून खाली मडके बांधले जाई. पहाटे उतरवलेला गोड रस ऊन चढता चढता आंबू लागे, आणि सरकारचा कर त्या झाडापासूनच सुरू होई. गांजाची तऱ्हा वेगळी होती. तो तळहातावर चोळून, तंबाखूत मिसळून चिलमीत भरायचा आणि ओल्या साफीतून, म्हणजे चिलमीच्या तोंडाशी गुंडाळलेल्या फडक्यातून, ओढायचा, ही गोसावी-बैराग्यांची नित्याची रीत होती. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने सुमारे १,२०० साक्षी नोंदवून असा निष्कर्ष काढला की बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, म्हणून बंदीऐवजी परवाने व कर यांनी नियंत्रण ठेवावे. आजचे सुधारणावादी या अहवालाचा दाखला आवर्जून देतात; मात्र आयोगाच्या तीन भारतीय सदस्यांपैकी दोघांनी भिन्नमत नोंदवले होते, आणि कर घेणाऱ्या सरकारला हा निष्कर्ष सोयीचाही होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

ही सोय प्रजेच्या नजरेतून सुटली नव्हती. १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी उधळली आणि शिंदीची झाडेही तोडली. कुऱ्हाड झाडावर पडत असली तरी घाव आबकारीच्या उत्पन्नावर होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ च्या दुरुस्तीने येथवर पोचला. त्याच वर्षी देशभर अफूची औषधेतर विक्री थांबली, तरी जुन्या व्यसनींची नोंद करून वैद्यकीय दाखल्यावर त्यांना मोजकी अफू देण्याची तजवीज ठेवण्यात आली. हानी कमी करण्याचा विचार ज्याला म्हणतात तो याहून वेगळा नाही. फक्त तेव्हा त्याला नाव नव्हते.

गांजाचा औषधेतर वापर २५ वर्षांत थांबवण्याची मुदत १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने घातली होती आणि १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा त्याच ओघात आला. शेंडे व फुलोरा नसलेली भांगेची पाने त्यातून वगळली गेली, कारण भांग सणावारांत मुरलेली होती. दारूच्या बाबतीत सार्वजनिक जागी झिंगून वावरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अंमली पदार्थाचे सेवन मात्र चव्हाट्यावर केले काय किंवा घरात केले काय, कायद्याला सारखेच, आणि पदार्थानुसार त्याची कमाल कैद सहा महिने किंवा एक वर्ष. पोर्तुगालने २००१ मध्ये सेवनासाठीचा अल्प साठा फौजदारी कक्षेबाहेर काढला; भारताने त्याच वर्षी अल्प आणि व्यापारी प्रमाण असा भेद करून शिक्षेची पायरी तेवढी ठरवली.

२०२५ मध्ये तुळजापुरात मेफेड्रोनच्या, म्हणजे ‘एमडी’ या कृत्रिम उत्तेजक भुकटीच्या, विक्रीचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा चर्चा अटकांचीच झाली आणि विकणारा व व्यसनी यांतील अंतर तिच्यात पुसले गेले. कायद्यात ते अंतर आहे. या पदार्थाचे अल्प प्रमाण दोन ग्रॅम आहे, आणि अल्प प्रमाणासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल तर कलम ६४-अ नुसार त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ही सूट काढून घेता येते.