शॉर्टकट व्हायरस

पेन ड्राइव्हमधल्या फाइली लपवून त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट ठेवणारा, विंडोजवर चालणारा घातक प्रोग्रॅम. हा एकच व्हायरस नव्हे. या युक्तीने पसरणाऱ्या अनेक प्रोग्रॅमना लोकांनी दिलेले हे नाव आहे. झेरॉक्सचे दुकान, सायबर कॅफे, कॉलेजची लॅब अशा ठिकाणी एकाच संगणकाला दिवसभर अनेकांचे ड्राइव्ह लागतात. तिथे तो सहज फैलावतो.

ओळख : फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात लहानसा वाकडा बाण दिसतो आणि आकार जेमतेम एक-दोन केबी भरतो. ड्राइव्हवरची जागा मात्र पूर्वीइतकीच भरलेली असते, म्हणजे फाइली जागेवरच असतात. त्यांना फक्त ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ या खुणा लावलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केले की आधी व्हायरस चालतो आणि पाठोपाठ खरे फोल्डरही उघडते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

पूर्वी एवढ्या क्लिकचीही गरज नव्हती. 2008 मधला कॉन्फिकर हा घातक प्रोग्रॅम ऑटोरनच्या, म्हणजे ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू करण्याच्या सोयीवरही पसरला; मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्ये ती वाट 2011 मध्ये बंद केली. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या प्रोग्रॅमला तर शॉर्टकटचे चित्र पडद्यावर दिसणेच पुरेसे होते.

उपाय : घाबरून फॉरमॅट करू नये, सुखरूप असलेल्या फाइली त्यानेच पुसल्या जातात. आधी संगणक स्वच्छ करावा, नाहीतर लागण परत होते. मग शॉर्टकट न उघडता ड्राइव्ह अँटिव्हायरसने तपासावा, शॉर्टकट काढून टाकावेत आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘अ‍ॅट्रिब’ आज्ञेने दोन्ही खुणा एकदम उतरवाव्यात. एकटी ‘हिडन’ खूण निघत नाही. लिनक्सचा संगणक हाताशी असेल तर काम सोपे होते. तिथे विंडोजचा हा प्रोग्रॅम चालत नाही आणि लपवलेल्या फाइली आपोआप दिसतात.

रस्त्यात सापडलेल्या ड्राइव्हला हे उपाय पुरत नाहीत. कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या सुरक्षा-संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले, की ड्राइव्हचे फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारा प्रोग्रॅम, बदलून त्याला कीबोर्ड असल्याचे सोंग घेता येते. मग तो स्वतःच आज्ञा टाइप करतो आणि फाइली तपासणाऱ्या अँटिव्हायरसला त्यात काहीच सापडत नाही. असा ड्राइव्ह संगणकाला लावूच नये.

लागणच टाळायची तर दुकानातल्या छपाईसाठी वेगळा ड्राइव्ह ठेवावा, त्यात हवी तेवढीच पीडीएफ न्यावी आणि मूळ प्रत घरी राहू द्यावी. परत आल्यावर तो ड्राइव्ह न उघडता फॉरमॅट करावा. इथे फॉरमॅट योग्य, कारण पुसले जाण्यासारखे त्यात काही नसते.