पहाटेची वाट : गोंदिया जिल्ह्यात कामाला निघण्याच्या वेळेचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यात कामासाठी सूर्योदयापूर्वी घर सोडण्याची रीत जुनी आहे. ती ऊन, जंगल आणि रेल्वेचे वेळापत्रक या तिघांनी मिळून घडवली. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या या जिल्ह्यात मे महिन्याच्या मध्याला सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणजे मुंबईच्या साधारण अर्धा तास आधी. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. दहा वाजता ऊन अंगावर येते आणि दुपारी पारा ४२ अंशांच्या वर जाणे नित्याचे. अशा मुलखात अंगमेहनतीचे काम सकाळीच उरकणे शहाणपणाचे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कामाच्या जागेपर्यंतच्या वाटेचा. ती किती लांब असावी, ती तुडवण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात धरावा आणि निघायची वेळ कोणी ठरवावी, या प्रश्नांची उत्तरे गेल्या सव्वाशे वर्षांत कामागणिक वेगळी मिळत गेली.

जंगलाची वेळ सर्वांत जुनी. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळू लागतात. उजाडेपर्यंत थांबले तर गावची गुरे, चितळ आणि अस्वले आधी पोचतात, म्हणून टोपली घेऊन अंधारातच झाडाखाली जायचे. पण मोहाची पुष्कळ झाडे शेताच्या बांधावर किंवा गावालगत असतात. वाट थोडी, आणि वेचलेले फूल वेचणाऱ्याच्याच अंगणात वाळते. ही पहाट मोहाच्या झाडाने ठरवलेली आहे, आणि तिच्याबद्दल कोणी गाऱ्हाणे केल्याचे सहसा ऐकू येत नाही.

तेंदूपत्त्याची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, होते, छाटलेल्या झुडपांना महिना-दीड महिन्यात नवी पालवी फुटते आणि एप्रिलच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत, एकेका भागात जेमतेम दोन-तीन आठवडे, तोडणी चालते. पान कोवळे पण पुरते वाढलेले हवे. वळवाचा पाऊस किंवा गारपीट आली की हंगाम हातचा जातो. तीन-चारला घर सोडायचे, तांबडे फुटताना जंगलात असायचे, नऊ-दहापर्यंत पाने तोडायची आणि ओझे डोक्यावर घेऊन परतायचे. दुपारभर घरच्या सावलीत म्हातारीपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे पुडके बांधतात. एका पुडक्यात सत्तर पाने. शंभर पुडके म्हणजे सात हजार पाने, एकेक हाताने तोडलेले आणि एकेक रचलेले. दिवस कलताना हे पुडके फळीवर न्यायचे, म्हणजे गावाजवळच्या खरेदी केंद्रावर. तिथे मुन्शी मोजून घेतो, आणि मग पुडके उन्हात वाळत घातले जातात. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते आणि मजुरी पुडक्यांच्या शेकड्यावर मिळते.

या व्यवहारात पहाट कुठून आली हे नीट पाहण्यासारखे आहे. उन्हात तोडलेले पान लवकर कोमेजते, हे एक कारण. दुसरे कारण फळीच्या संध्याकाळच्या मोजणीत आहे. तोडलेले पान त्याच दिवशी बांधून द्यायचे, बांधायला चार-पाच तास लागतात, जंगलातून परतायला तास-दोन तास लागतात. असा उलटा हिशेब करत गेले की निघायची वेळ आपोआप मध्यरात्रीकडे सरकते. तिसरे कारण चढाओढीचे. चांगली झुडपे आधी येणाऱ्याला मिळतात, त्यामुळे एका घराने अर्धा तास लवकर निघायचे ठरवले की शेजारचे घर त्याहून आधी बाहेर पडते. शेकड्याच्या दराला ना चालण्याचा वेळ दिसतो, ना बांधणीचा, ना फळीवरच्या रांगेचा. वाट लांबली तर तिची किंमत तोडणाऱ्याच्या झोपेतून वसूल होते.

आणि वाट लांबत गेली. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. जंगलाचे घटक पाडून त्यांचे लिलाव होऊ लागले. दर जाहीर होऊ लागला, हा मोठा फायदा. कामाच्या तासांचा विचार मात्र त्या व्यवस्थेत कुठेच नव्हता. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वन्यजीवांसाठी हे आवश्यकच होते. पण राखीव क्षेत्रात विक्रीसाठी पान तोडता येत नाही, त्यामुळे लगतच्या गावांना तोडणीसाठी उरलेल्या जंगलाकडे वळावे लागले. वाघ आणि अस्वल दोघेही अंधुक उजेडात जास्त फिरतात, आणि झुडपाशी वाकून काम करणारा माणूस त्या वेळी सर्वांत असुरक्षित असतो. वनविभाग दर हंगामात सांगतो की एकट्याने जाऊ नका, पुरते उजाडल्यावर जा. सल्ला बरोबर आहे. पण संध्याकाळची मोजणी आणि शेकड्याचा दर माणसाला उलट दिशेने ओढतात, आणि हातावर पोट असलेल्या घरात सल्ल्यापेक्षा दराचे ऐकले जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आणि त्यात तेंदूपत्त्याचा नावानिशी उल्लेख केला. २०१३ पासून गोंदिया आणि अमरावती जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी एकत्र येऊन स्वतः पान विकायला सुरुवात केली. या बदलाची चर्चा बहुधा दर आणि नफ्यापुरती होते. वेळेच्या दृष्टीनेही तो तितकाच मोलाचा आहे. फळी कुठे मांडायची, मोजणी किती वाजेपर्यंत चालवायची, जंगलात सगळ्यांनी मिळून कधी शिरायचे, हे गावाला ठरवता येऊ लागले, तर अर्धा तास आधी निघण्याची जीवघेणी चढाओढ गावच थांबवू शकते. लिलावात घटक घेणाऱ्या ठेकेदाराला तसे करण्याचे कारण नव्हते.

तोडलेले पान ज्या धंद्यात जाते, त्या विडीच्या धंद्यानेही पहाटेची एक वाट घडवली. पान आसपासच्या जंगलात, तंबाखू गुजरात आणि निपाणीकडून रेल्वेने येणारी. त्यामुळे गोंदिया हे विडीचे मोठे केंद्र झाले. या धंद्यातूनच पुढे आलेल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. कारखाना म्हणजे बहुधा लांब ओसरीसारखी जागा. खेड्यांतून पायी आलेले कामगार तिथे दाटीने बसत, मजुरी हजारी विडीवर मिळे, आणि खराब ठरलेली विडी छाट म्हणून मजुरीतून वजा होई.

कामगाराच्या येण्याच्या वेळेवर ताबा कोणाचा, हा प्रश्न विडीच्याच धंद्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नागपूरच्या एका कारखान्याच्या खटल्यात, १९६० मध्ये, असे दिसून आले की कामगार केव्हाही येऊ-जाऊ शकत. पण दुपार उलटल्यावर आलेल्याला काम मिळत नसे आणि त्याची मजुरी बुडे. एवढा ताबा पुरेसा आहे, हे कामगारच आहेत, असे न्यायालयाने ठरवले आणि भरपगारी रजेचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी सिन्नरच्या खटल्यात बहुमताने उलट निकाल लागला: येण्या-जाण्याचे बंधन नाही, म्हणून विडी वळणारा हा कारखाना कायद्याखालचा कामगार नाही. नागपूरचा निकाल वस्तुस्थितीला अधिक धरून होता. हजारीवर पोट भरणाऱ्याला उशिरा येण्याची मुभा कागदावरच असते. उशीर केला तर चूल थंड राहते.

हा गोंधळ १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने बराचसा मिटवला. घरी विड्या वळणाऱ्यांनाही त्याने कामगार मानले, दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, आणि कारखान्याच्या आवारात स्त्रियांना सकाळी सहापूर्वी व सायंकाळी सातनंतर कामावर ठेवण्यास बंदी केली. म्हणजे विडी वळणाऱ्या बाईला सहाच्या आधी कामाला बसवणे गुन्हा ठरला, आणि त्याच विडीचे पान तोडणारी बाई चार वाजता जंगलाच्या वाटेवर असणे मात्र सर्वांनी गृहीत धरले. पुढे कारखान्यांतले बरेच काम सट्टेदारांमार्फत, म्हणजे मध्यस्थांमार्फत, घरोघर गेले. पायपीट वाचली, पण मर्यादाही गेली. घरात कामाचे तास मोजणारे कोणी नसते.

रेल्वेने वेळेची वेगळीच सवय लावली. नागपूर-छत्तीसगड मार्ग १८८० च्या दशकात झाला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला आणि गोंदिया मुंबई-हावडा वाटेवर आले. १९०३ ते १९०५ दरम्यान गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत सातपुड्यातली अडीच फुटी छोटी लाइन सुरू झाली, आणि नंतर नागभीडकडची. जंक्शन झाल्यावर गावाच्या दिवसाला गाडीच्या वेळेचे माप लागले. छोटी गाडी संथ होती. मोठ्या लाइनची गाडी गाठायची तर आधीची छोटी गाडी धरावी लागे, आणि ती धरायला गावातून पायी किंवा बंडीने रात्रीच निघावे लागे. आज नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे आणि तिथे रोज अपडाऊन करणारे नोकरदार, विद्यार्थी व मजूर पहिल्या गाड्यांना गर्दी करतात.

लांब वाटेचे सर्वांत अन्यायाचे उदाहरण मात्र शासनाच्या कामाचे होते. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यात मोडत असे. सालेकसा किंवा आमगावच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत काम निघाले तर आधी गाडीने गोंदियावरून भंडारा रोडला जायचे. ते स्टेशन वरठीला, शहरापासून दहा-अकरा किलोमीटर दूर, तिथून पुन्हा दुसरे वाहन. देवरीला रेल्वेच नाही. तिथल्या माणसाने महामार्गाने साकोली, लाखनी करत जायचे. कचेरी उघडायच्या वेळी पोचायला अंधारात निघायचे, साहेब दौऱ्यावर असले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. इथे ना उन्हाचे कारण होते ना पानाचे. हे लवकर निघणे केवळ अंतरामुळे होते, आणि जिल्हा वेगळा होताच ते मोठ्या प्रमाणात कमी झाले. नवा जिल्हा झाल्याने लोकांच्या हाती आलेल्या गोष्टींत ही सुटलेली पहाट मोठी होती.

एसटीने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. रात्री शेवटच्या गावी जाऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच सुटणारी मुक्कामी गाडी ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक वाहतुकीतली फार विचारी सोय आहे. ती असेल तिथे तालुक्याला जाणाऱ्याला फाट्यापर्यंत अंधारात चालावे लागत नाही. त्यासाठी चालक-वाहक घरापासून दूर, कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत तर कधी गाडीतच, रात्र काढतात. प्रवाशाची पहाट सुकर होते ती त्यांच्या मुक्कामावर.

शाळेच्या वेळेत दोन रास्त कारणे एकमेकांसमोर उभी राहिली. विदर्भात उन्हाळ्यात शाळा सकाळची भरवण्याचा प्रघात आहे आणि उन्हामुळे तो योग्यच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने मुलांच्या झोपेचा विचार करून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले, तेही योग्य. पण मे महिन्याकडे झुकणाऱ्या दिवसांत गोंदियाचे नऊ आणि मुंबईचे नऊ सारखे नसतात. अशा वेळा जिल्ह्यावर सोडणे अधिक बरे. शिक्षकांचे मुख्यालयी राहणे हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. शाळेच्या गावी राहण्याची अपेक्षा शासनाने वारंवार सांगितली, तरी गावात भाड्याचे घर आणि स्वतःच्या मुलांना पुढची शाळा नसेल तर तालुक्याहून अपडाऊन चालूच राहते.

घर ते काम ही वाट कामाचाच भाग आहे, हे कायद्याने काही ठिकाणी मान्य केले आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला ये-जा करताना झालेला अपघात, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच धरला जातो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली स्त्रीला सकाळी सातच्या आधी कामावर बोलवायचे तर तिची संमती आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय लागते. तेंदूपत्ता तोडणारी बाई यांपैकी कुठल्याच यादीत नाही. तिला मालक नाही, हजेरीपट नाही. जंगलाच्या वाटेवर वाघाने हल्ला केला तर वनविभाग भरपाई देतो, पण ती वन्यप्राण्याने केलेल्या नुकसानीची असते. कामावर निघालेल्या मजुराची म्हणून तिची नोंद होत नाही.