फॉर्ममध्ये नसलेला रकाना

मार्च 2012 चा पहिला आठवडा. एगोर होमाकोव हा रशियन प्रोग्रामर रेल्स या वेब ॲप बनवण्याच्या फ्रेमवर्कच्या पानावर, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, तक्रार नोंदवतो. ब्राउझरकडून आलेले सगळे रकाने रेल्स एका हॅशमध्ये (नाव-किंमत जोड्यांच्या संचात) गोळा करतं आणि विनंती हाताळणारा कंट्रोलर तो हॅश जसाच्या तसा मॉडेलवर, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीवर, ओततो. कोणते रकाने घ्यायचे, याची यादी देण्याची सोय आहे, सक्ती नाही. ती करा, असं त्याचं म्हणणं. ही काळजी ॲप लिहिणाऱ्याने घ्यायची, असं उत्तर मिळतं. मला ते आजही पटत नाही. दाराला कडी न लावता घर ताब्यात द्यायचं आणि चोरी झाली तर राहणाऱ्याला बोल लावायचा?

शुक्रवार, 2 मार्च. गिटहब स्वतः रेल्सवर चालतं. तिथली एक फट होमाकोव कळवतो, ती बुजवली जाते. फक्त ती एकच.

रविवार, 4 मार्च, पॅसिफिक वेळेनुसार सकाळचे 8:49. भारतात रात्रीचे 10:19. गिटहबवर आपली पब्लिक की (कोड ढकलणारा कोण, हे ओळखण्याची खूण) बदलण्याचा फॉर्म आहे. त्यात मालकाचा रकाना नाहीच, कारण लॉगिन केलेला माणूस तोच मालक, असं धरलेलं. होमाकोव स्वतःच्या ब्राउझरमध्ये त्या फॉर्मला एक इनपुट जोडतो: नाव ‘पब्लिक की’च्या कंसात ‘यूजर आयडी’, किंमत रेल्सच्या एका खात्याचा क्रमांक. सबमिट. सर्व्हरला कंसातलं नाव ओळखीचं वाटतं, तसा स्तंभ टेबलात आहेच, किंमत बसते. होमाकोवची की आता त्या खात्यावर. पासवर्ड फुटलेला नाही, सर्व्हरमध्ये कुणी घुसलेलं नाही. रेल्सच्या मुख्य शाखेत तो एक नवी फाइल ढकलतो. तो तेवढ्यावर थांबला. हीच वाट दुसऱ्या कुणाला सापडली असती तर, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

प्रकार लक्षात येताच गिटहब ती की काढून टाकतं, होमाकोवचं खातं गोठवतं, फट बुजवतं आणि सगळा कोड तपासायला घेतं. हेतू वाईट नव्हता, अशी खात्री पटल्यावर खातं परत मिळतं.

30 मार्च. रेल्स 3.2.3 येतं, नव्या ॲपमध्ये रकान्यांची यादी देणं आता मुळातूनच चालू.

जून 2013. रेल्स 4 मध्ये ही यादी मॉडेलमधून कंट्रोलरमध्ये येते. ‘परमिट’ न करता ब्राउझरकडून आलेले रकाने थेट मॉडेलला दिले, की रेल्स एरर देऊन तिथेच थांबतं. होमाकोवने मागितली होती ती सक्ती हीच.