घरगुती संगीत स्ट्रीमिंग

घरगुती संगीत स्ट्रीमिंग म्हणजे स्वतःच्या मालकीचा डिजिटल संगीतसंग्रह घरातील एका ठिकाणी साठवून, तो स्थानिक संगणक-जाळ्यामार्फत हाय-फाय ध्वनियंत्रणेवर ऐकण्याची पद्धत होय. यात सीडी, कॅसेट किंवा ध्वनिमुद्रिकांवरील संगीत प्रथम फाइलींच्या रूपात आणले जाते. त्यानंतर ते सर्व्हर, जाळे, वादक-उपकरण, अँप्लिफायर आणि स्पीकर अशा क्रमाने श्रोत्यापर्यंत पोहोचते. वर्गणी भरून इंटरनेटवरून संगीत पुरवणाऱ्या सेवांहून ही पद्धत भिन्न आहे, कारण येथे फाइली श्रोत्याच्या ताब्यात असतात व एकदा संग्रह सिद्ध झाल्यावर तो ऐकण्यासाठी इंटरनेटची आवश्यकता नसते. परिणामी संग्रहाची शुद्धता, त्यातील नोंदींची अचूकता आणि त्याचे जतन ही जबाबदारीही श्रोत्याचीच असते.

इतिहास

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली आणि डिजिटल स्वरूपातील संगीत प्रथमच मोठ्या प्रमाणावर घरोघरी पोहोचले. १९९० च्या दशकात एमपीथ्री या प्रकाराचे मानक निश्चित झाले व ध्वनिफाइलींचा आकार सुमारे दहा टक्क्यांपर्यंत आणणे शक्य झाले. २००१ मध्ये जोश कोल्सन यांनी फ्लॅक या हानिरहित प्रकाराची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी स्लिम डिव्हाइसेस या अमेरिकी कंपनीने संगणकातील संगीत जाळ्यामार्फत हाय-फाय यंत्रणेवर वाजवणारे 'स्लिमपीथ्री' हे उपकरण आणले. पुढे 'स्क्वीझबॉक्स' या नावाने ही उपकरणे प्रसिद्ध झाली. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये या उपकरणांचे उत्पादन थांबवले. त्यांचे सर्व्हर सॉफ्टवेअर मात्र मुक्त स्रोत असल्याने स्वयंसेवकांनी ते चालू ठेवले असून ते आता 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने ओळखले जाते.

२००४ मध्ये अ‍ॅपलने 'एअरपोर्ट एक्स्प्रेस'द्वारे बिनतारी संगीतवहनाची सोय दिली. २००५ मध्ये सोनोस कंपनीची अनेक खोल्यांत संगीत पोहोचवणारी यंत्रणा आली. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या अल्पखर्ची संगणकामुळे व्होल्यूमिओ, मूडे यांसारख्या मोफत प्रणाली वापरून घरच्या घरी वादक-उपकरण तयार करणे शक्य झाले.

रचना

या यंत्रणेचे पुढील घटक असतात. एकाच उपकरणात दोन किंवा अधिक घटक सामावलेले असू शकतात.

साठवण : संगणकाची हार्ड डिस्क, बाह्य डिस्क किंवा जाळ्याला जोडलेले स्वतंत्र साठवण-यंत्र.

सर्व्हर : फाइलींची सूची ठेवणारे व मागणीनुसार त्या पाठवणारे सॉफ्टवेअर.

वादक : जाळ्यातून आलेला डिजिटल प्रवाह स्वीकारणारे उपकरण. त्यास सामान्यतः 'स्ट्रीमर' म्हणतात.

परिवर्तक : डिजिटल अंकांचे विद्युत-ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा भाग. हाय-फायच्या व्यवहारात तो 'डॅक' या नावाने परिचित आहे.

अँप्लिफायर व स्पीकर : संकेत वाढवून त्याचे ध्वनीत रूपांतर करणारे पारंपरिक घटक. जुना अँप्लिफायर चांगल्या स्थितीत असल्यास तो बदलण्याची गरज नसते. स्ट्रीमर त्याच्या 'ऑक्स' किंवा सीडीसाठीच्या जोडणीत लावता येतो.

नियंत्रक : गाणे निवडण्यासाठी वापरला जाणारा मोबाइल, टॅब्लेट किंवा संगणक.

फाइलींचे प्रकार

सीडीवरील ध्वनी दर सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येकी १६ बिटांत मोजलेला असतो. दोन्ही वाहिन्या मिळून हा प्रवाह सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतो आणि एका तासाच्या संगीतासाठी सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ मानली जाते. ४४,१०० या वेगाने २२,०५० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी नोंदवता येत असल्याने ऐकण्याच्या दृष्टीने तो पुरेसा ठरतो.

हानिरहित प्रकारांत (फ्लॅक, अ‍ॅपलचा अलॅक) मूळ माहितीचा एकही बिट न गमावता फाइल लहान केली जाते. तिचा आकार साधारणपणे मूळ आकाराच्या ५० ते ७० टक्के राहतो. हानियुक्त प्रकारांत (एमपीथ्री, एएसी) कानाला सहसा जाणवणार नाही अशी माहिती वगळली जाते. ३२० किलोबिट वेगाच्या एमपीथ्री फाइलीस तासाला १४४ मेगाबाइट पुरतात. वगळलेली माहिती नंतर परत मिळवता येत नाही. एमपीथ्रीचे फ्लॅकमध्ये रूपांतर केल्यास आकार वाढतो, गुणवत्ता वाढत नाही. म्हणून मूळ संग्रह हानिरहित प्रकारात ठेवून मोबाइलसाठी त्यावरून लहान प्रती काढणे सोयीचे असते. सुमारे एक हजार सीडींचा हानिरहित संग्रह एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये सामावतो.

जाळे व जोडणी

सीडी-दर्जाच्या प्रवाहासाठी सेकंदाला दीड मेगाबिटहून कमी क्षमता लागते आणि घरातील साधे वाय-फायही ती सहज पुरवते. आवाज तुटण्याचे कारण बहुधा अपुरा वेग हे नसून जाड भिंती, शेजारच्या वाय-फायचा अडथळा किंवा राउटरपासूनचे अंतर हे असते. शक्य तेथे सर्व्हर व स्ट्रीमर तारेने जोडल्यास हा दोष दूर होतो. ब्लूटूथमध्ये ध्वनी सामान्यतः पुन्हा हानियुक्त पद्धतीने आकुंचित केला जातो, त्यामुळे हानिरहित फाइलींचा लाभ पूर्णपणे मिळत नाही.

राउटर हा घरातील उपकरणांना परस्परांशी जोडतो. इंटरनेट हे त्याचे दुसरे, स्वतंत्र कार्य आहे. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावात किंवा महानगरात इंटरनेट बंद पडले, तरी घरातील संग्रह ऐकता येतो. मात्र सर्व्हर, राउटर आणि स्ट्रीमर या तिन्हींना अखंड वीज लागते. अचानक वीज गेल्यास डिस्कवर लिहिली जात असलेली माहिती बिघडू शकते, म्हणून सर्व्हरसाठी यूपीएस वापरणे हितावह असते. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जात असल्याने डिस्क बंद कपाटात न ठेवता हवेशीर जागी ठेवणे आवश्यक ठरते.

नोंदी आणि भारतीय संगीत

प्रत्येक फाइलीत गाण्याची माहिती देणाऱ्या नोंदी असतात; त्यांना 'टॅग' म्हणतात. सर्व्हर गाण्यांचा शोध मुख्यतः टॅगवरूनच घेतो. कलाकार, अल्बम, शीर्षक, वर्ष हे प्रचलित रकाने प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या गरजेतून आलेले आहेत. हिंदुस्थानी संगीतात राग, ताल, बंदिश, साथीदार व मैफलीचे स्थळ यांना महत्त्व असूनही त्यांसाठी तयार रकाने बहुधा नसतात. फ्लॅकमध्ये वापरकर्त्यास हव्या त्या नावाचा रकाना जोडता येतो व देवनागरी मजकूरही लिहिता येतो. एमपीथ्रीच्या जुन्या टॅग-पद्धतीत शीर्षकासाठी केवळ ३० अक्षरांची जागा होती आणि देवनागरीची सोय नव्हती.

नाट्यसंगीतात पदाची ओळख नाटक, नाटककार, संगीतकार आणि गायक या चौघांवरून ठरते. उदाहरणार्थ, 'संगीत मानापमान' (१९११) हे कृ. प्र. खाडिलकरांचे नाटक असून त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे आहे. त्यातील पदे अनेक पिढ्यांतील गायकांनी गायिलेली असल्याने केवळ शीर्षकावरून मुद्रण ओळखता येत नाही. 'गीतरामायणा'च्या बाबतीतही असाच भेद महत्त्वाचा आहे. ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून अनेक गायक-गायिकांच्या आवाजात प्रसारित झाली, तर नंतरचे ध्वनिमुद्रिका-रूप फडके यांच्या आवाजात आहे. गीतांचे क्रमांक टॅगमध्ये नसतील तर सर्व्हर ती वर्णानुक्रमे लावतो आणि कथेचा क्रम मोडतो.

नावांच्या लेखनातील फरकही अडचणीचा ठरतो. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतील नाव ही यंत्राच्या दृष्टीने तीन वेगळी माणसे असतात. एकच लेखनपद्धती ठरवून ती संपूर्ण संग्रहात पाळणे हा त्यावरील उपाय आहे.

सीडीवर विलंबित व द्रुत ख्याल अनेकदा दोन स्वतंत्र भागांत विभागलेले असतात, परंतु गायन सलग असते. दोन भागांमध्ये खंड न पाडता वाजवण्याची सोय स्ट्रीमरमध्ये नसल्यास सांध्यावर क्षणभर शांतता येते. एमपीथ्रीमध्ये फाइलीच्या आरंभी व शेवटी थोडा रिकामा भाग जोडला जात असल्याने हा दोष अधिक जाणवतो.

ध्वनिमुद्रणाची ओळख टिकवण्याचा प्रश्न नवा नाही. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी केला व त्यात गौहरजान यांची मुद्रणे होती. त्या काळात तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि अनेक कलावंत गायनाच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. त्यामुळे आज लेबल पुसले गेले तरी अशा मुद्रणातील गायक ओळखता येतो. टॅग नसलेल्या फाइलीस तो आधार नसतो.

जुन्या मुद्रणांचे डिजिटलीकरण

ध्वनिमुद्रिका व कॅसेट यांचे डिजिटलीकरण प्रत्यक्ष वादनाच्या वेळेतच करावे लागते. सीडीप्रमाणे ते वेगाने उरकता येत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीसाठी एलपीपेक्षा जाड सुई लागते. एलपीची सुई वापरल्यास ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचेच संगीत मावत असे. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांची जुनी मुद्रणे ऐकताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. कॅसेट वाजवताना हेडचा कोन फितीशी जुळवल्यास हरवलेला वरच्या पट्टीतील ध्वनी बऱ्याच अंशी परत मिळतो.

ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा कामासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटांचे मुद्रण अपेक्षित आहे. खरखर काढण्याची प्रक्रिया प्रतीवर करून मूळ मुद्रण अबाधित ठेवणे इष्ट असते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांना एकत्र आणून त्यांच्या अभ्यासास चालना दिली.

संग्रहाची सुरक्षितता

हार्ड डिस्क पूर्वसूचना न देता निकामी होऊ शकते. त्यामुळे संग्रहाच्या एकूण तीन प्रती, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, असा नियम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारे साठवण-यंत्र हा प्रतीला पर्याय नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. बाजारातील सीडी पुन्हा मिळू शकते, परंतु खाजगी मैफलीचे किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या ओव्या-भजनांचे कॅसेटवरील मुद्रण सहसा एकमेव असते. म्हणून अशा मुद्रणांचे डिजिटलीकरण व प्रती प्रथम करणे योग्य ठरते.

ऑनलाइन सेवांशी तुलना

ऑनलाइन सेवांत अल्प वर्गणीत अफाट संग्रह मिळतो व साठवणीची चिंता नसते. तथापि, परवान्याचे करार संपल्यास गाणी काढून घेतली जातात आणि सेवा बंदही पडू शकते. 'गूगल प्ले म्युझिक' ही सेवा २०२० मध्ये बंद झाली. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने आणलेले 'कारवाँ' हे गाणी भरलेले उपकरण इंटरनेटविना चालते, परंतु त्यातील मूळ संग्रह उत्पादकाने निवडलेला असतो. अनेक श्रोते नव्या संगीताच्या शोधासाठी ऑनलाइन सेवा आणि दुर्मीळ किंवा आवडत्या मुद्रणांसाठी स्वतःचा संग्रह असा दुहेरी वापर करतात.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यानुसार १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या मुद्रणाची मुदत २०२० च्या अखेरीस संपली. गीत आणि स्वररचना यांवरील हक्क स्वतंत्र असून ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतात. याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठीच्या न्याय्य वापरास सूट आहे. स्वतःच्या संग्रहाच्या प्रती इतरांना वाटणे किंवा सार्वजनिक ठिकाणी वाजवणे हा मात्र वेगळा विषय असून त्यासाठी हक्कधारकांची परवानगी लागू शकते.