पानाचा मजकूर, पानाचे रूप

अकरावीच्या काही मुलांनी कॉलेजच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा एक लहानसा वेब-कार्यक्रम तयार केला. घरच्या संगणकावर तो छान रंगीत दिसे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो कॉलेजच्या यंत्रावर चढवला आणि रंग, चौकटी, रकाने सगळे नाहीसे झाले. पुस्तकांची यादी मात्र एकही ओळ न गळता जागेवर होती. असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९९१ च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांचे महाजाल सुरू झाले, तेव्हा एक पान म्हणजे एक फाइल. ब्राउझरने मागायची, सर्व्हरने द्यायची. शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, एवढेच एचटीएमएलच्या खुणा सांगत. अक्षर केवढे दिसावे हे वाचणाऱ्याचा ब्राउझर ठरवी. लिहिणाऱ्यांना हे पुरेना. हळूहळू आकार आणि रंगही खुणांतच कोंबले जाऊ लागले. मग शंभर पानांची शीर्षके निळी करायची तर शंभर फाइली उघडा!

सर्नमधलेच नॉर्वेचे होकॉन व्ह्युम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी तोड सुचवली: रूपाचे नियम मजकुरापासून वेगळे लिहावेत. (योगायोग असा, की तीनच दिवसांनी नेटस्केपचा ब्राउझर जाहीर झाला. सजावटीच्या खुणांचा सुळसुळाट पुढे त्यानेच वाढवला.) नेदरलँड्सचे बर्ट बॉस या कामात सामील झाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून मान्य झाली.

आता नियमांची स्टाइलशीट वेगळ्या फाइलीत ठेवता येऊ लागली. ब्राउझर आधी पान आणतो, त्यात स्टाइलशीटचे नाव वाचतो आणि दुसरी मागणी पाठवतो. ही दुसरी मागणी फसली तरी पहिलीचे काही बिघडत नाही.

पण ही दुसरी मागणी पुरवायची कोणी? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात तयार झालेली जँगो ही प्रणाली जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात पान दर मागणीला विदागारातून नव्याने घडते. स्टाइलशीट मात्र सर्वांना तीच, स्थिर. ती देण्यासाठी सगळा कार्यक्रम राबवणे म्हणजे मुख्याध्यापकांना घंटा वाजवायला बसवणे! म्हणून हे काम अपाचीसारख्या साध्या सर्व्हरकडे सोपवतात. कार्यक्रम घडत असताना मात्र रंग दिवसातून वीसदा बदलतो. तेवढ्यासाठी दुसरा सर्व्हर कोण मांडून बसणार? म्हणून जँगोचा सरावाचा सर्व्हर स्वतःच ठिकठिकाणच्या कप्प्यांतून फाइली शोधून देतो. मार्च २०११ च्या १.३ आवृत्तीत ही सोय नीट बसवली गेली आणि सोबत त्या फाइली एका जागी गोळा करणारी आज्ञाही आली. सरावातली ही पद्धत अकार्यक्षम आणि बहुधा असुरक्षित आहे, असे जँगोची माहितीपुस्तिका स्वतःच बजावते. दोषशोधनाची कळ बंद केली की ती थांबते.

मुलांनी कॉलेजच्या यंत्रावर नेमकी तीच कळ, अगदी योग्य कारणाने, बंद केली होती. फाइली मात्र गोळा केल्या नव्हत्या. ब्राउझरच्या तपासणी-खिडकीत यादीच्या पानापुढे २०० होते आणि स्टाइलशीटपुढे ४०४.